काचेआडचा सोमवार

मी लालबागमधल्या एका प्राथमिक शाळेच्या जिन्याखाली टांगलेला जुना सूचनाफलक आहे. मित्रांनो, मला कुलूप आहे. माझी गोष्ट त्या कुलपाचीच आहे.

माझा जन्म १९८८ सालचा. गिरणी सुटलेल्या एका सुतारकाम जाणणाऱ्या पालकाने, गिरणीच्याच एका मोडक्या दाराच्या सागवानातून मला घडवलं आणि शाळेला भेट दिलं. तेव्हा मला काच नव्हती. हिरवं कापड होतं आणि टाचण्या होत्या. पहिलीच्या प्रवेशाची यादी लागली की आया मुलांना कडेवर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहायच्या आणि यादीवर बोट फिरवत नाव शोधायच्या. पोलिओचा डोस, डोळ्यांची तपासणी, पोषण आहाराचा वार, गणवेशाचं वाटप, सगळं आधी मला कळायचं आणि मग चाळींना. ‘बोर्डावर लागलंय’ म्हटलं की विषय संपायचा. तो माझा चांगला काळ.

पुढे गणपतीच्या दिवसांत मंडळांची मुलं माझ्यावर जाहिराती चिकटवू लागली. दर वर्षी कापड फाटायचं. शेवटी २००४ साली मला काचेचं दार बसलं, पितळी कुलूप लागलं आणि काचेवर लाल रंगात एक ओळ आली: ‘काचेवर काहीही चिकटवू नये.’ दोन किल्ल्या होत्या. एक त्याच वर्षी हरवली. दुसरी दौलतमामांच्या जुडग्यात गेली. दौलतमामा म्हणजे आमचे शिपाई. तेव्हापासून आत लागलेला कागद आणि मी, दोघेही त्यांच्या हाताची वाट बघतो.

मग फोन आले. सूचना वर्गाच्या ग्रुपवर जाऊ लागल्या. माझ्यापुढे थांबणारी माणसं कमी होत होत दोनच उरली: रमाबाई आणि त्यांची नात ओवी.

ओवी दुसरीत आहे. तिचे आईवडील सकाळी सातला कामावर जातात, म्हणून तिला आणायला-सोडायला आजी. रमाबाईंचा फोन बटणांचा. गेल्या वर्षी त्यांची चाळ पुनर्बांधणीसाठी पाडली आणि कुटुंब करी रोडला संक्रमण शिबिरात राहायला गेलं. त्यानंतर ओवी शाळेत बोलेनाशी झाली. विचारलं तर खाली बघते. वाचायला उभं केलं तर उभीच राहते. मुख्याध्यापकांचं मत झालं की हिला वाचता येत नाही, पुढच्या वर्षी हिचं नाव दुसऱ्या, खास शाळेत घालावं. वर्गशिक्षिका मेघनाबाईंनी एवढंच मागून घेतलं की आधी समुपदेशकांना मुलीला पाहू द्या. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. रोज साडेपाचला शाळा सुटते. आजी येईपर्यंत ओवी माझ्यापुढे थांबते आणि पॅसेज रिकामा झाला की मला मोठ्याने वाचते. जोडाक्षरं, तारखा, खालची सही, सगळं. तिच्या श्वासाने काच धुरकट होते, ती बाहीने पुसते आणि पुढची ओळ घेते. ती गप्प झाल्यापासून शाळेत तिचा आवाज ऐकलेला मी एकटाच. आणि मला तोंड नाही.

यंदा गणपतीच्या आदल्या आठवड्यात दौलतमामांनी माझ्यात कागद लावला: समुपदेशक सोमवारी, विसर्जनानंतर दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता येतील, पालकांनी मुलांना घेऊन यावे. कुलूप लावलं, जुडगा खिशात टाकला आणि रात्रीच्या गाडीने ते कणकवलीकडे गावी गेले. त्यांच्या घरचा गणपती एकवीस दिवसांचा.

इकडे लालबागचं विसर्जन झालं. शाळा भरली. आणि समुपदेशकांचा निरोप आला की सोमवारी जमत नाही, आधीच्या बुधवारी येते. मेघनाबाईंनी ग्रुपवर कळवलं. मग नवा कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. कुलूप ओढून पाहिलं. केसातली पिन घालून पाहिली. शेवटी कागद काचेवर धरला, त्यांची नजर त्या लाल ओळीवर गेली, आणि त्यांनी कागद खाली घेतला. सगळे ग्रुपवर आहेतच, असं स्वतःशी पुटपुटत त्या वर गेल्या.

ओवीचा बाप मयूर ग्रुपवर होता. त्याने निरोप वाचला. आपली आई रोज बोर्ड बघते, तिला कळलंच असणार, असं धरून तो पाळीवर गेला. मेघनाबाईंना दिसलं की त्याने वाचलंय. तरी बुधवारी कोणी आलं नाही, तेव्हा त्यांनी धरलं की घरच्यांना हे नको आहे.

त्या बुधवारी दहा वाजता सहा मुलं माझ्यासमोरून वर गेली. ओवी नेहमीप्रमाणे साडेबाराला आली. संध्याकाळी आजीने काचेवर बोट टेकवून दिवस मोजले, सोमवारला पाच राहिले. माझ्या पोटात सोमवार होता आणि तो खोटा होता. छत्तीस-सदतीस वर्षं टांगलेला आहे मी, पण इतका कोंडलेला कधीच नव्हतो.

सोमवारी पावणेदहाला दोघी आल्या. ओवीच्या केसांना तेल, दोन घट्ट वेण्या, आजीच्या पिशवीत जुन्या तपासणीचे कागद. दहा वाजले, सव्वादहा झाले. कोणी नाही. आजीने चष्मा पुसला.

“माका बारीक दिसना नाय गो. तू वाच मगे, काय लिवला ता.”

ओवीने मागे-पुढे पाहिलं. मग वाचलं. पहिल्या शब्दापासून मुख्याध्यापकांच्या सहीपर्यंत, न अडखळता.

मेघनाबाई लवकर आल्या होत्या आणि जिन्याच्या वळणावर होत्या. मला त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत. वाचन संपलं तशा त्या दोन पायऱ्या वर गेल्या आणि मग मुद्दाम आवाज करत खाली उतरल्या. ओवी खाली बघू लागली.

“आजी, समुपदेशक बुधवारीच येऊन गेल्या. मला वाटलं, तुम्हांला दाखवायचं नाहीये.”

“दाखवचा नाय?” रमाबाई म्हणाल्या. “बाई, मी रोज बोर्ड बघतंय. तुमच्या फोनात वार बदललो, तो हय कोणी बदलूचो?”

मेघनाबाई वर गेल्या, कागद आणि चिकटपट्टी घेऊन आल्या आणि त्या लाल ओळीवरच चिकटवलं: ही तारीख रद्द. मग समुपदेशकांना फोन लावला. दिवाळीनंतरचा दिवस मिळाला. दिवाळीची मुदत तर आधीच संपणार होती. तेव्हा त्यांनी एका कागदावर लिहिलं की मुलीचे वाचन मी स्वतः ऐकले आहे, अस्खलित आहे, आणि सही करून तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. निर्णय पुढे ढकलला गेला. रद्द झालेला नाही.

दौलतमामा गावचं गोड खाजं आणि नारळ घेऊन परतले. त्यांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी माझ्याशेजारी खिळा ठोकला आणि किल्ली त्यावर अडकवली.

ओवी वर्गात अजून बोलत नाही. पण आता मेघनाबाई रोज माझ्यात एक छोटा कागद लावतात आणि साडेपाचला जिन्याच्या वळणावर बसतात. ओवीला ते माहीत आहे. गेल्या मंगळवारी ती वाचत असताना बाईंनी वरूनच हळू विचारलं, कोणाला वाचून दाखवतेस गं?

ओवी वळली नाही. काचेकडे बघतच म्हणाली, “बोर्डाला.”

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी टांगलेला असेल. त्याची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण वार बदलला की आधी त्याच्यावरचा बदला. तुम्ही चुकलात तर तुम्हांला पुन्हा बोलून ते निस्तरता येतं. आम्हांला तेच खोटं छातीवर घेऊन, कोणीतरी किल्ली आणेपर्यंत, लटकत राहावं लागतं.