मधला खांब

मेव्हला भिंतीतली जुनी चूल उघडून हवी होती, आणि तीही सबंध. तिच्या नवऱ्याच्या, डोनलच्या, घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या बुजवतच आणली होती. आजोबांनी विटा रचल्या, बापाने वर फरश्या चिकटवल्या, आणि शेवटी बादलीभर पीट, म्हणजे दलदलीतल्या मातीचं वाळवलेलं जळण, जेमतेम मावेल एवढं भोक उरलं. आता तिथे काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह बसायचा होता.

शनिवारी दुपारपर्यंत फरश्या निघाल्या, विटा निघाल्या. ओकची आडवी तुळई दिसली तशी मेव्ह हरखली. पण तुळईच्या ऐन मध्याखाली विटांचा एक ओबडधोबड खांब उभा होता.

शेजारचा म्हातारा गवंडी मॅलकी तो बघून गेला होता. "बुजवलेलं उघडण्याआधी, का बुजवलं ते विचारावं. खांबाला हात लावू नका. जेवतो आणि टेकू घेऊन येतो."

"मॅलकीला हरेक भिंतीत संकट दिसतं," तो गेल्यावर मेव्ह म्हणाली. "तुझ्या बहिणीने बघ कशी ऐसपैस उघडलीय! आणि आपल्याकडे मधोमध हा खुंट. त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"म्हातारा ओरडेल गं."

"म्हाताऱ्याला घाबरतोस की कामाला?"

डोनलने पहार घातली. चौथ्या विटेला खांब ढासळला आणि वर काहीतरी कडाडलं. तुळई बोटभर खचली. कधीकाळच्या आगीने ती आतून कोळसा झालेली होती, नुसती साल शाबूत होती. डोनलने खांदा आणि दोन्ही तळवे तिच्याखाली लावले. वर दोन मजले उंच धुराड्याचा सगळा दगड तिच्यावर तोललेला होता.

"ओरला," एवढंच तो म्हणाला.

पाच महिन्यांची ओरला वरच्या खोलीत, धुराड्याला लागून ठेवलेल्या पाळण्यात झोपली होती. मेव्ह जिना चढली. प्रत्येक फळी करकरत होती आणि प्रत्येक पावलाला खाली माती सांडल्याचं तिला ऐकू येत होतं. पोरीच्या पांघरुणावर चुन्याचे खडे पडलेले होते. ते झटकायचंही तिला सुचलं नाही. पोरीला उराशी धरून ती खाली उतरली, डोनलकडे न बघताच अंगणात धावली आणि मॅलकीच्या नावाने ओरडली. बांधापलीकडून म्हाताऱ्याने ओ दिली.

मग ती थांबून राहिली. आतून हूं की चूं नाही. डोनलने हाक मारली तर जाईन, असं तिने मनाशी घोकलं. हाक आली नाही. तो मेला असेल, असं वाटलं, तरीही तिचे पाय दाराकडे वळेनात. आपण इतक्या भित्र्या आहोत, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

मॅलकी आला, त्याने दोन लोखंडी टेकू लावून आवळले. डोनलचे हात काही केल्या खाली येईनात. म्हाताऱ्याने ते एकेक करून उतरवले.

"धुराडं माणसाच्या खांद्यावर राहत नसतं, गाढवा," तो म्हणाला. "दगडांनी दया केली तुझ्यावर."

तो गेल्यावर मेव्ह डोनलच्या पुढ्यात चहा ठेवून उभी राहिली. कप त्याला धरवत नव्हता.

"हाक का मारली नाहीस?"

"मारली असती तर तू आत आली असतीस," डोनल म्हणाला.

मेव्हने कप उचलून त्याच्या ओठांना लावला.