‘परसदार’मधलं निनावी पत्र

मोगऱ्याची कळी उन्हं वर यायच्या आत खुडावी लागते, म्हणून वसईतल्या दयारामच्या वाडीत दिवस फार लवकर सुरू होई. खुडायला सगळ्यांत पुढे मालन असे, त्याच्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं तिच्या हातच्या कळ्या करंड्यांत भरून मुंबईच्या फुलबाजारात जात होत्या आणि तिथून कुणाकुणाच्या अंबाड्यात नि देव्हाऱ्यात पोहोचत होत्या. घरच्या देवाची फुलं मात्र दयारामची बायको वेगळी खुडायची. याबद्दल मालनला कुणी तोंडावर काही बोलत नसे. आमच्याकडची माणसं बोलायला तशी फार गोड.

करंडीच्या तळाशी रद्दी घालत, आणि गेली दोन वर्षं ती रद्दी बहुतेक ‘परसदार’ मासिकाची असे. बेसिल मास्तर ते आपल्या घराच्या ओटीवर, पायानं चालवायच्या यंत्रावर छापत. या मासिकापायी त्यांची शाळेतली नोकरी गेली होती. त्यातली शेवटची चार पानं बायकांच्या निनावी पत्रांची असत. उघडपणे तो अंक कुणी घरात ठेवत नव्हतं, पण विहिरीवर नवं पत्र ऐकल्याशिवाय बायका घागर उचलत नसत. एका पत्रानंतर कामण गावच्या एका बापानं शाळेतून काढलेल्या लेकीला परत शाळेत घातलं, तर माघ महिन्यात मास्तरांनी स्वतःच्याच ख्रिस्ती समाजातल्या हुंड्यावर लिहिलं. त्यामुळे एरवी एकमेकांच्या अंगणाला वळसा घालून जाणारे हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांचे पुढारी मास्तरांना शिव्या द्यायला मात्र एका बाकावर बसू लागले होते.

१९५१ सालच्या फाल्गुनात एके सकाळी दयाराम स्टेशनवर करंड्या चढवून परतत होता. देवळाच्या पारावर त्याच्या समाजाचे मुख्य पंच हिरामणशेट ‘परसदार’चा नवा अंक चारचौघांना वाचून दाखवत होते.

“मी रोज हजार कळ्या खुडते. मुंबईच्या देवांना माझा हात चालतो. गेल्या महिन्यात घरातल्या मुलीचा साखरपुडा होता. तिनं हट्ट केला म्हणून मी तिच्या केसांत वेणी माळली. पाहुणे यायच्या आत घरच्या कर्त्यानं ती ओढून काढली, केळीच्या पाटात टाकली आणि मुलीला पुन्हा डोक्यावरून आंघोळ करायला लावली. मुलगी रडली. मी रडले नाही. मला वाटलं, चूक माझीच असेल.”

दयारामच्या कानशिलांना चटका बसला. पाटाच्या गढूळ पाण्यावरून वाहत गेलेली ती वेणी त्याला लख्ख दिसली. मालन चौथीपर्यंत शिकलेली आहे, हे तो साफ विसरून गेला होता.

“कळ्या, केळी, सगळं आपल्याच लोकांतलं हाय,” हिरामणशेट म्हणाले. “कोन ही बाई, ते कळाया पायजे. असल्या घरची मुलगी कोन करनार?”

त्या महिन्यात समाजात सहा साखरपुडे झाले होते. त्यातला एक दयारामच्या यशोदाचा, आणि तो हिरामणशेटच्याच पुतण्याशी.

“इचारायचं काय त्यात? मास्तराकडं चला, आत्ताच,” दयाराम म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

पंधरा-वीस माणसं मास्तरांच्या ओटीवर चढली. हुंड्याच्या लेखाचा राग धरून चर्चच्या कमिटीतला कॉन्रॅडही आला. मास्तरांचे हात शाईनं माखलेले होते.

“मी त्या बाईला शब्द दिलाय,” मास्तर म्हणाले. “नाव मिळणार नाही.”

“उद्या सकाळपर्यंत नाव सांगा,” हिरामणशेट म्हणाले, “नाय तर यंत्र खाडीत जाईल.”

आपला राग खरा वाटावा म्हणून दयारामनं पुढे होऊन छपाईच्या खिळ्यांची पेटी उलथली. शिशाची अक्षरं ओटीभर विखुरली. मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि दयारामला कळून चुकलं. मास्तरांना सगळं ठाऊक होतं.

त्यांची बायको लिडिया खाली बसून खिळे गोळा करू लागली. दर शनिवारी ती चर्चच्या वेदीसाठी दयारामच्या वाडीतून फुलं नेई, आणि फुलांची पुडी केळीच्या पानात बांधून द्यायची मालन. पत्र कुठल्या वाटेनं आलं, हे दयारामला तिथंच उमगलं. लिडियानं एक शब्द काढला असता तर तो त्या ओटीवरच संपला असता.

ती एवढंच म्हणाली, “दयारामभाऊ, पाय उचला. खाली अक्षरं हायत.”

घरी मालन पडवीत गजरे ओवत बसली होती. बातमी त्याच्या आधी पोहोचली होती.

“भावजी, उद्या मी जाते पंचांपुढं,” ती म्हणाली. “माझ्या पत्रापायी त्या मानसाचं पोट नको बुडायला.”

“आनि यशोदाचं लगीन?”

मालनचा दोरा थांबला. “तुमचं नाव नाय घेनार मी. माझ्या माहेरची गोष्ट हाय म्हनून सांगेन.”

ज्या मास्तरांची पेटी दयारामनं उलथली त्यांनी त्याला झाकलं होतं, त्यांच्या बायकोनं झाकलं होतं, आणि आता ही झाकायला निघाली होती. पुरुष म्हणवणारा तेवढा एकटा दुसऱ्यांच्या पदराआड उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालत असताना यशोदा दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, पंचांपुढं जाताय, तर हे पन सांगा. वेनी मी मागितली होती.”

मास्तरांच्या अंगणात गर्दी जमली होती. दयारामच्या मागे चार पावलांवर मालन होती. “बोला मास्तर, नाव,” हिरामणशेट म्हणाले. मालननं पदर सावरला आणि ती पुढे झाली. दयाराम तिच्या आडवा आला.

“नाव माझ्याकडनं घ्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “फुडच्या अंकात छापा, मास्तर. पोरीच्या केसांतली वेनी ओढनारा, दयाराम बाळू राऊत. गाव वसई. लिहिनारीचं एक अक्षर खोटं नाय.”

हिरामणशेटनी उपरणं झटकलं आणि ते चालू लागले. मागोमाग गर्दीही पांगली. यंत्र जागेवर राहिलं. दयाराम ओटीवर बसून दुपारपर्यंत खिळे वेचत होता. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही, की पाठही थोपटली नाही.

तो घरी आला तेव्हा हिरामणशेटच्या घरून साखरपुड्याचा नारळ परत येऊन ओसरीवर पडला होता. बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. दयाराम परसात, मालन आणि यशोदा होत्या तिथं गेला आणि ओवून ठेवलेल्यांतली एक वेणी उचलून त्यानं मालनपुढे धरली.

“वैनी, ही तू माळ.”

मालननं वेणीकडे पाहिलं. “अकरा वर्षं झाली, भावजी. आता मला नाय जमायचं.”

मग तिनं ती त्याच्या हातातून घेतली, यशोदाला पायरीवर आपल्यापुढे बसवलं आणि सावकाश तिच्या केसांत माळली. यशोदाचे डोळे रडून सुजले होते. तरी ती मान ताठ धरून बसली. दयाराम समोर उभा होता. रिकामा झालेला हात कुठं ठेवावा, हे त्याला कळेना.