माझ्यावरचा दगड कोणी हलवला?

मी एक जुनं पावाचं पातेलं आहे. बूड काळंकुट्ट, एक कान तुटका, झाकण दोरीनं बांधलेलं. पण मित्रांनो, हसू नका! आमच्या आइसलँडमध्ये, या तळ्याकाठी, मला चुलीवर ठेवत नाहीत, चक्क जमिनीत पुरतात. जमीनच अशी तापलेली! दुपारी पुरायचं, खुणेला वर दगड ठेवायचा, दुसऱ्या दुपारी उकरायचं. आत राय नावाच्या धान्याचा काळा, गोडसर पाव तयार!

माझी मालकीण डिरफिन्ना. तिची आईसुद्धा मला त्याच खड्ड्यात पुरायची. डिरफिन्नाच्या खानावळीत लोक पावावर लोणी थापून खायचे नि बोटं चाटायचे. समोर हाल्ब्योर्नची खानावळ, धुरी दिलेल्या माशांची. दोघांचा सहा वर्षं अबोला. का? तर तो भर पंगतीत म्हणाला होता, "हा पाव आहे की केक?" झालं!

यंदा हिवाळ्यातलं गावजेवण दोन दिवसांवर आलं. आंबवलेली शार्क, मेंढीची मुंडकी, सगळं ठरलेलं, आणि पाव डिरफिन्नाचा. आणि नेमका तेव्हाच पाव निघाला कच्चा! मध्ये नुसता चिखल! आता गावानं हाल्ब्योर्नलाच पाव करायला सांगितलं तर?

"कोणीतरी मधेच उकरलंय," असं म्हणून तिनं समोरच्या खिडकीकडे डोळे बारीक करून पाहिलं. मलाही तेच वाटलं. आत किती गार लागत होतं! नक्की त्यानंच पाणी ओतलं असणार!

त्याच दुपारी तिनं मला पुन्हा पुरलं, नि ती वळते न वळते तोच फावडं खणखणलं. मला उचललं! झाकणापाशी कोणीतरी हुंगलं! चोर, चोर! पण मी ओरडणार कसं? त्यानं मला तळ्याकडे चार पावलं नेऊन पुरलं, दगडही तिथंच आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाव झकास निघाला, पण दगड हललेला बघून डिरफिन्ना भडकलीच. "माझी कृती चोरतोय मेला!"

मग गावजेवणाचा पाव. मला जुन्याच खड्ड्यात पुरलं नि ती होडीमागे दबून बसली. आला की हाल्ब्योर्न, फावडं घेऊन!

"ठेव ते खाली! झाकण उघडून बघतोस काय रे, चोरा?"

"तुझी कृती? पोतंभर साखर, यात बघायचंय काय?"

"मग दगड का हलवलास?"

"खड्ड्यात हात घाल आधी."

"आणि हात भाजला की तू हसणार!"

"घाल तर!"

तिनं घाबरत हात घातला. गार! नुसती ओली माती!

"मागच्या भूकंपानं जमिनीखालची वाफ सरकलीय तळ्याकडे," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला दिसतंय. तू मात्र आईच्या खड्ड्याला चिकटलीस."

"सांगायचं ना मग!"

"कसं सांगणार? आपण बोलत नाही ना!"

डिरफिन्ना हसायला लागली, थांबेचना. मग दोघांनी मिळून मला नव्या जागी पुरलं. गावजेवणात शार्कच्या वासानं नाक धरणारे पाहुणेसुद्धा पाव मागून मागून खात होते!

आता कुणी विचारलं, चांगलं कुठं मिळतं, तर ती म्हणते, "मासा समोर खा," आणि तो म्हणतो, "केक तिच्याकडे."

म्हणून मित्रांनो, कुणावर बोट रोखण्याआधी आपल्या खड्ड्यात हात घालून बघा. आणि माझी दोरी जरा घट्ट बांधा. तो हुंगत होता, हे मी अजून विसरलेलं नाही!