रंग फासून मोजलेला रणगाडा

मी एक जुना रणगाडा आहे. मित्रांनो, लगेच छाती फुगवू नका. माझी गोष्ट शौर्याची नाही, किळस यावी अशी आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी खरोखर कामाचा होतो. चालक माझी चेन रोज धुवायचे, लोक कौतुकाने पाठीवर थाप मारायचे. पुढे नवे रणगाडे आले आणि माझ्यासारख्या इतर जुन्यांबरोबर माझी रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. कुणाला काही कमी पडले की माझ्यातून काढून नेत. दिवे गेले, आग विझवायची टाकी गेली, चालकाच्या झाकणाची आतली मूठही गेली. एवढे लचके तोडूनही दर वर्षी मोजणीच्या आधी मला हिरवा रंग फासत आणि ठसठशीत आकडा घालत. मोजणी बाहेरूनच व्हायची. रंग ताजा असला की रणगाडा धडधाकट! बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मीच.

एकदा शेजारच्या देशाशी भांडण पेटले. शेडमधल्या टीव्हीवर रोज तक्ता झळकू लागला. रणगाडे आमचे इतके, त्यांचे तितके. निवेदक गोट्या मोजाव्यात तसा खिदळत होता. आमच्या आकड्यात मीही होतो. शेजाऱ्यांच्या आकड्यात असे किती रंगवलेले सांगाडे असतील, कोण जाणे. मला माझ्याच रंगाची शिसारी आली.

मग आकड्यातले सगळे रणगाडे सीमेवर पाठवा, असा हुकूम आला. शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझे इंजिन कसेबसे चालू केले. मला चालवायला नेमला तो त्यांचाच जावई.

हुकूम घेऊन आलेल्या साहेबांना मिस्त्री म्हणाले, "याच्या झाकणाला आतून मूठ नाही. आग लागली तर आतला माणूस बाहेर कसा येणार?"

"टीव्हीवर आकडा गेलाय, मिस्त्री. आता कमी करून कुठे तोंड दाखवू? तंदुरुस्त आहे म्हणून सही करा."

जावई हळूच म्हणाला, "मामा, करून टाका सही. माझ्यापायी नोकरी घालवू नका."

"तू गप्प बस," मिस्त्री खेकसले. मग साहेबांकडे वळले. "करतो सही. आधी तुम्ही जरा आत बसून बघा."

साहेब हसत आत उतरले. मिस्त्रींनी वरून झाकण लावले. साहेबांनी ते आधी चाचपले, मग ढकलले, मग दोन्ही मुठींनी बडवले. त्यांच्या घामाने माझी बैठक भिजली. शेवटी ते रडकुंडीला येऊन "उघडा, उघडा" म्हणू लागले, तेव्हा मिस्त्रींनी झाकण उघडले.

घाम पुसत साहेब म्हणाले, "हा नको. जावयाला पलीकडचा द्या."

मला वाटले होते, यांचे डोळे उघडले. कसले काय!

मिस्त्रींनी पलीकडच्याचे झाकण उघडले. आत मूठ नव्हती. त्याच्या पलीकडच्यातही नव्हती. त्यांनी सहीचा कागद साहेबांपुढे धरला. "यात बसा, मग करतो."

साहेब बसले नाहीत, सही झाली नाही. आम्ही कुणीच शेडबाहेर गेलो नाही, आणि जावई घरी जेवायला गेला.

मित्रांनो, टीव्हीवरचा आकडा अजून तोच आहे. तो बघून टाळी वाजवावीशी वाटली, तर हात उचलण्याआधी एवढेच विचारा. आत कोण बसणार आहे, आणि त्याला बाहेर येता येईल का?