बाटलीतला श्वास

गोदामाच्या वरच्या सभागृहात चपला ठेवायलाही जागा नव्हती. मंचावर दिव्यासमोर पाण्याची बंद बाटली, आणि तिच्यात तळापासून आपोआप बुडबुडे वर येत होते. ना नळी, ना वायर, ना खाली आग.

"समुद्र श्वास घेतोय," श्वासबाबा म्हणाले. "ज्याचा श्वास अडलाय त्यानं बाटली छातीशी धरावी. पण औषध आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत."

शे-दीडशे माणसांनी हात जोडले. पहिल्या रांगेत माझा दादा. वेल्डिंगच्या धुरानं त्याची छाती निकामी केलेली, आणि आठवडाभर त्यानं श्वासाचा पंप बंद ठेवलेला.

बाबांना मी ओळखलं. वर्षापूर्वी ते आमच्या समुद्र-प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे. 'ह्या बुडबुडेवाल्या ओतून टाका,' असं त्यांना सांगणारी मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी मंचावर चढले. "समुद्रात काही थरांत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. तिथले जंतू पाण्यातल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून जगतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. नायट्रेट म्हणजे समुद्राचं खत, ते असं हवेत उडून जातं. इथंही तेच. त्या थरातलं पाणी, थोडं नायट्रेट, चिमूटभर साखर, घट्ट झाकण. दोन-चार दिवसांत बुडबुडे येतात, मंत्र न म्हणता. ह्यात माणसाला लागणारा श्वास नाही."

झाकण उघडलं, फुस्स झालं. पाण्यावरच्या रिकाम्या जागेत पेटती काडी धरली, ती विझली. दुसरीही विझली. मला वाटलं जिंकले.

"पाहिलंत?" बाबा शांतपणे म्हणाले. "आग गिळली. तुमच्या छातीतलीही अशीच गिळेल."

टाळ्या कडाडल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाटलीसाठी नंबर लावून दादा मोकळ्या हवेसाठी खाली निघाला, तेव्हा त्याला मी जिन्यात गाठलं. दर दोन पायऱ्यांनी तो थांबत होता.

"तुला तरी कळलं ना?"

"कळलं गं. मी वेल्डर आहे. वायूनं आग विझते हे मला नवं नाही."

"मग?"

"डॉक्टर म्हणतात, औषधानं आजार वाढणार नाही, एवढंच. हा म्हणतो, बरा होशील." त्यानं कठड्याला धरून दम घेतला. "तूही तसं म्हण. मग तुझं ऐकतो."

मला ते म्हणता आलं नाही. "बरा नाही होणार, दादा. पण औषध घेतलंस तर पुढंही हा जिना चढत राहशील. माझ्याकडे खरं एवढंच आहे."

वरून त्याचा नंबर पुकारला. तो एकेक पायरी वर चढत गेला आणि मी बघत राहिले.

तुमच्या घरातला माणूस अजून जिन्यातच असेल, तर आधी त्याचं औषध सुरू करा. बाटलीशी भांडण नंतर.