पटवाढीसाठी केलेले विशेष प्रयत्न

आमच्या शाळेत एकोणीस मुलं होती आणि विसाव्या मुलासाठी मी चपला झिजवत होते. वीसपेक्षा कमी पट असेल तर शाळा बंद, असा हुकूम आला होता. त्यातही रजिस्टरवरची नावं धरायची नाहीत. ठरलेल्या दिवशी अकरा वाजता साहेब येणार आणि बाकावर बसलेली डोकी मोजणार. अडतीस वर्षं मी त्या एका खोलीत काढली होती.

शिंपीणबाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मुलगी काही दिली नाही.

"चार इयत्ता एका खोलीत कशा हो शिकवता, बाई?"

"मुलं कमी, म्हणून तर प्रत्येकाकडे लक्ष देता येतं."

"मग तुमची नात कुठं जाते?"

मी पाणी न पिताच उठले.

माझी नात ठकी मोठ्या शाळेत चौथीत होती. सूनबाई तिथंच शिक्षिका, चौथीच्याच दुसऱ्या तुकडीवर. तिथलं दुखणं वेगळं. साठाच्या वर एक जरी मूल असलं तर दोन तुकड्या. नाहीतर सगळी एका खोलीत कोंबायची आणि एक शिक्षिका जादा ठरवायची. सगळ्यांत नवी सूनबाई, म्हणजे जादा तीच. चौथीत मुलं होती बरोबर एकसष्ट, ठकी धरून. आणि मोजणी दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी.

जेवताना मी विषय काढला. "त्या दिवशी ठकीला माझ्याकडे बसव."

"आणि माझी नोकरी?"

"तू तरुण आहेस. दुसरी मिळेल."

"तुम्ही तर वर्षभरात रिटायर होणार, आई," ती भाजी वाढता वाढता म्हणाली.

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी ताट सरकवलं आणि आमचा अबोला सुरू झाला.

दोन शिक्षिकांचा अबोला, त्यामुळे अगदी शिस्तीत चालला. सगळा कारभार ठकीमार्फत. "आजीला सांग, चहा ओट्यावर ठेवलाय." "आईला सांग, मला डोळे आहेत." मुलगा पेपरात तोंड खुपसून बसायचा. ते वळण त्याच्या वडिलांचं.

पंधरा दिवस असे गेले. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई ठकीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. डोळे सुजलेले. मला एकदम तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. माझं वर्ष उरलंय, हिचं अख्खं आयुष्य पडलंय. राहू दे ठकी तिच्याकडे. पण हे सांगायचं तर अबोला मोडावा लागला असता, आणि आधी मी का मोडू? तेव्हा युक्ती केली. सकाळी साडेसहालाच घर सोडलं, म्हणजे ठकीला नेण्याचा प्रश्नच नको. सूनबाई कुठं दिसली नाही. आंघोळीला गेली असेल, असं वाटलं.

अकराला साहेबांनी एकोणीस डोकी मोजली. माझ्या विनंतीवरून पुन्हा मोजली. एकोणीसच. त्यांच्यासमोर मला रडू फुटलं. पण घरी जाताना मनात म्हटलं, बाई, किती मोठ्या मनाची गं तू!

दारातच सूनबाई भेटली. तिच्याही चेहऱ्यावर तोच मोठेपणा. आत ठकी आजोबांशी पत्ते खेळत होती, घरातल्या कपड्यांत.

"शाळेत गेली नाहीस?" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

"आई सहालाच गेली. रात्रीच म्हणाली होती, उद्या आजीबरोबर तिच्या शाळेत जा. मी उठले तर आजीपण नाही." ठकीनं पान टाकलं. "मला वाटलं, सुट्टी आहे."

"तुम्ही का नाही काही बोललात?" मी यांना विचारलं.

"मला कुणी विचारलं?" हे म्हणाले.

माझी शाळा बंद झाली. एकोणीसच्या एकोणीस मुलं मोठ्या शाळेत गेली. त्यातली पाच चौथीची, त्यामुळे सूनबाईची तुकडी वाचली. मलाही तिथंच पाठवलं, पण वर्ग नाही. अक्षर चांगलं म्हणून ऑफिसात बसवलं.

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक हसत हसत एक फॉर्म घेऊन आले. एकाच वर्षात पट एकोणीसनं वाढला म्हणून शाळेचं नाव बक्षिसासाठी जाणार होतं. मी सगळे रकाने भरले. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'पटवाढीसाठी केलेले विशेष प्रयत्न.' माझ्या खोलीची किल्ली अजून पर्समध्येच होती.

मधल्या सुट्टीत सूनबाई डबा घेऊन आली. तिनं माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचला आणि डबा टेबलावर ठेवला.

"लिहा ना, आई," ती म्हणाली. "आपण दोघी पंधरा दिवस एकमेकींशी बोललो नाही."