हिरव्या पावडरीचा डबा आणि कुंदाबाईचे ताट

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत माझा मुक्काम असतो. आज माझ्या पोटात खिळे, वायसर आणि सुतळीचे तुकडे आहेत. झाकणाला गंज चढला आहे. पण मित्रांनो, मला उजेडात धरून नीट पाहिलेत, तर माझ्या अंगावर हिरव्या पानांचा एक गुच्छ आणि त्यामागे उगवणारा सूर्य अजूनही पुसटसा दिसेल. तोच माझा पहिला पोशाख.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, कडा दाबल्या आणि मी उभा राहिलो. मग माझ्यात बारीक हिरवी पावडर भरली गेली. वाळवून दळलेला पालक, गव्हाची कोवळी पाती, शेवग्याचा पाला आणि आणखी काय काय तिच्यात होते. तिला सुकलेल्या गवतासारखा, किंचित कडवट वास येई. 'रोज एक चमचा, आयुष्यभर ताकद' असे माझ्या पोटावर छापले होते. मी ते खरेच मानले. आपल्या पोटात एक अख्खे शेत आहे, असे मला वाटे. शेत कसे असते, हे मात्र मी कधी पाहिले नव्हते.

खोक्यात बसून मी जळगावला एका औषधाच्या दुकानात आलो. ती ऐंशीच्या दशकाची अखेर होती. केळीचा ट्रक भरून दिल्यावर भाईदास पाटील नावाचा एक तरुण शेतकरी त्या दुकानात आला. तिथे कंपनीचा माणूस बसलेला होता. भाईदासने मला हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि जरा लाजतच विचारले, "बाईमाणसाले चालस का हाई? घरमां मंडळी लवकर थकी जास. चक्कर येस तिले."

"त्यांच्यासाठीच तर आहे, दादा," कंपनीचा माणूस म्हणाला. "सकाळी एक चमचा पाण्यातून. टोपलीभर हिरवी भाजी खाल्ल्यासारखं!"

भाईदासने मला पिशवीत ठेवले आणि एस.टी.त बसल्यावर ती पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली. बायकोसाठी त्याने आजवर स्वतः होऊन काही नेले असेल तर ते हेच असावे, असे मला तेव्हा वाटले.

गाव जवळ आले तशी पिशवीच्या तोंडातून मला बाहेरचे दिसू लागले. मी थक्क झालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी उभ्या होत्या, आणि एकेक पान माणसापेक्षा उंच! त्यातून ऊन झिरपून खाली येत होते, तेसुद्धा हिरवे होऊन. पलीकडे सातपुडा निळा दिसत होता. माझ्या अंगावरचे चित्र मला एकाएकी फार लहान वाटू लागले.

घरी माझे मोठे स्वागत झाले. भाईदासची आई बेबाबाई हिने मला देवघराशेजारच्या फळीवर ठेवले आणि हळदकुंकवाचे बोटही लावले. शेजारच्या बाया मला पाहायला आल्या. भाईदासची बायको कुंदाबाई रोज सकाळी पदराने हात पुसून माझे झाकण उघडी, एक चमचा पावडर पेल्यात ढवळी आणि डोळे मिटून पिऊन टाकी. तोंड वाकडे होई, पण नवऱ्याने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू तिने एक दिवसही चुकवली नाही.

ती सडपातळ होती. बोलणे कमी, काम फार. घरातले आवरून ती मळ्यात जाई आणि दोन्ही मुलांना शाळेतून यायच्या आत परत येई. तिचे ओठ आणि नखे पांढुरकी होती. आपण आलोच आहोत, आता ती लाल होतील, अशी वाट मी पाहत राहिलो.

एकदा ती मळ्यातून आली आणि ओटीत आणलेला पाला तिने माझ्या फळीखालीच सुपात ओतला. पोकळा, अंबाडी, घोळ. मित्रांनो, मी जिवंत भाजी पहिल्यांदा पाहिली! अंबाडीचे देठ लाल होते. पोकळ्याच्या पानावर नाजूक शिरा होत्या आणि त्यांतून अजून पाणी वाहत असावे अशी ती पाने ताठ होती. घोळीची पाने बोटांत धरली की रस फुटेल इतकी भरलेली. मातीचा, पाण्याचा, उन्हाचा असा एकत्र वास सुटला होता. उन्हाला धरून ठेवणे कोणत्याही डब्याला जमलेले नाही. या मऊ पानांना ते जमले होते. माझ्या पोटातही कधीकाळी हेच होते, या विचाराने मला भरून आले.

बेबाबाई भाजी निवडत म्हणाली, "एवढी रास दखाले मोठी. कढईमां टाकी का मूठभर व्हई जास."

सुपभर भाजीची शिजून मूठभर होत असेल, तर वाळून, दळून तिचे किती उरत असेल? आणि माझ्या एका चमच्यात तिच्यातले किती बसत असेल? टोपलीचे कोडे मला तेव्हापासून सुटेना.

त्या घरात रोज भाजी होई. फोडणीचा वास माझ्यापर्यंत येई, भाकऱ्या थापल्याचा आवाज येई. पण स्वयंपाकघराचा कोपरा माझ्या फळीवरून दिसत नसे. कोण काय जेवते, ते मला ठाऊक नव्हते.

मी निम्मा रिकामा झालो आणि एका दुपारी दारात आरडाओरडा ऐकू आला. कुंदाबाई मळ्यातल्या विहिरीजवळ पाण्याची कळशी घेऊन वळली होती आणि तिथेच कोसळली होती. कपाळाला दगड लागला होता. थोडी अलीकडे पडली म्हणून वाचली. नाहीतर विहिरीतच गेली असती. भाईदासने तिला उचलून शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातले. मग पळत घरात येऊन त्याने मलाही टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतले.

"हाऊ डबा कसाले?" बेबाबाईने रडत विचारले.

"डॉक्टरीणबाईले दखाडसू. रोज चालू शे म्हनीसन सांगसू."

चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टर प्रमिलाबाईंनी कुंदाबाईच्या कपाळाला पट्टी केली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला दिले. अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात जेवढं रक्त हवं त्याच्या निम्मंच आहे. किती दिवस झाले चक्कर येते?"

भाईदासने उत्तर म्हणून मला टेबलावर ठेवले. प्रमिलाबाईंनी माझे झाकण उघडले, वास घेतला, मागचा मजकूर वाचला. आता मला फेकून देतील, असे मला वाटले.

पण त्या रागावल्या नाहीत. "हे विष नाही," त्या म्हणाल्या. "वाळवलेला पाला आहे. ज्याचं जेवण बरं आहे त्याने वरून चमचाभर घेतला तर बिघडत नाही, पण फार घडतही नाही. चमच्यात लोह किती, हे डब्यावर लिहिलेलंच नाही. घरी हिरवी भाजी होते का?"

"रोज व्हस. मळानी ताजी."

"मग ही किती खाते?"

भाईदास कुंदाबाईकडे पाहू लागला.

"बायको जेवताना तुम्ही कधी पाहिलीय?"

भाईदास आठवत होता. लग्नाला कितीतरी वर्षे झाली होती. आधी तो आणि मुले जेवत, मग आई. मग तो ओट्यावर जाऊन बसे. शेवटी त्याने मान हलवली. नाही.

प्रमिलाबाईंनी कुंदाबाईकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "भाजी सरी जास, बाई. भाकर ऱ्हास ना. मिरचीनी चटनी ऱ्हास. आते तर सकायले पावडर पीस, तं मालेबी वाटे, भाजी मुलेंसले ऱ्हाऊ द्यावं."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे कळले. मी फळीवर दिमाखात बसलो होतो, त्या घरात भाजीला तोटा नव्हता, मळा हिरवागार होता, आणि तरीही ती बाई उपाशी होती. माझ्यामुळे तर तिने उरलासुरला घासही सोडला होता.

"आता नुसत्या भाजीनेही भागणार नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लोहाच्या गोळ्या देते, जंतांची गोळी देते. त्या संपल्या की पुन्हा यायचं. रोज भाजी खायची, त्यावर लिंबू पिळायचं. जेवण झाल्या झाल्या चहा नको. आणि भाईदासभाऊ, हिच्यासाठी खर्च करायची तुमची इच्छा आहे ना? मग हिचं ताट आधी वाढा."

दुसऱ्या दिवशी भाईदासने मला फळीवरून काढून स्वयंपाकघरात नेले आणि गोळ्यांच्या पाकिटांशेजारी ठेवले. त्यामुळे पुढचे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

अंबाडीची भाजी झाली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या टोपलीत होत्या. भाईदास पाटावर बसला आणि म्हणाला, "माय, कुंदानं ताट आठे वाढ. मनाजोडे."

बेबाबाईचा हात थांबला. "पहिले मानसं जेवतीन."

"मी मांगून जेवसू," कुंदाबाई घाईने म्हणाली.

"मांगून काय उरस, ते माले आते समजनं," भाईदास म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. पण त्याने आपले ताट तसेच ठेवले, भाकरीला हात लावला नाही. मुलेही बापाकडे बघून थांबली.

बेबाबाई कढईकडे सरकली. मग पळी कढईत घालत, कोणाकडेही न पाहता पुटपुटली, "आमना येळले बी असंच व्हतं." तिने सुनेच्या ताटात भाजी वाढली. एक पळी, मग दुसरी. भाईदासने उठून आणखी एक ताट आणले आणि आईसमोर ठेवले. "तूबी बस, माय."

कुंदाबाईने लिंबू पिळले आणि पहिला घास घेतला. एवढ्या जणांच्या देखत जेवायची तिला सवय नव्हती. तिचे कान लाल झाले होते. मग हळूहळू ती विसरली. एक भाकर संपली, तिने दुसरी मोडली. मी केळीची पाने पाहिली होती, सातपुडा पाहिला होता. पण एक दमलेली बाई निवांत बसून पोटभर जेवते आहे, याच्याएवढे मोठे काही मी पाहिले नव्हते. माती, ऊन आणि पाणी यांचे पान होते, पानाची भाजी होते आणि त्या भाजीचे माणसाच्या अंगात रक्त होते! हे सगळे माझ्यासमोर घडत होते, आणि त्यासाठी माझी गरज नव्हती. मला वाईट वाटायला हवे होते. मला धन्य वाटले.

गोळ्या संपल्या, पुन्हा आल्या. पुढच्या तपासण्यांत तिचे रक्त वाढत गेले. गोळ्यांनी की भाजीने, असे भाईदासने विचारले तेव्हा प्रमिलाबाई दोन्हींनी म्हणाल्या. माझे नाव कोणी घेतले नाही, आणि ते बरोबरच होते. पावसाळ्यात ओल धरून माझ्यातल्या उरलेल्या पावडरीचे खडे झाले. कुंदाबाईने ते एका केळीच्या बुडाशी रिकामे केले, मला धुतले आणि खिळे ठेवायला इथे आणले.

आता नव्वदचे दशकही निम्मे सरले आहे. तसेच डबे, नव्या चित्रांचे, अजून गावात येतात म्हणे. दुपारी मोटार बंद झाली की कुंदाबाई आणि मजूर बाया विहिरीजवळच्या सावलीत भाकऱ्या सोडतात. डोंगराखालच्या पाड्यावरची रुपली कधी रानातली भाजी आणते. सगळ्यांना पाणी देऊन मग बसू, असे म्हणून ती उभीच राहते. तेव्हा कुंदाबाई तिचा हात धरून तिला खाली ओढते. "बठ्ठ्या जनी संगे बसा," ती म्हणते, आणि रुपली बसेपर्यंत स्वतः घास मोडत नाही.

मित्रांनो, मी गंजलो याचे मला दुःख नाही. मला घासूनपुसून फळीवर ठेवा, असेही मी म्हणत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा नवा चकचकीत डबा आलाच, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या पोटात पानेच आहेत. फक्त त्याला टोपलीभर भाजी म्हणू नका. आणि आज जेवून हात धुवायला उठण्याआधी एवढे करा, आत जाऊन कढईत डोकावून पाहा. जी माऊली अजून जेवायची आहे, तिच्यासाठी तिथे काही उरले आहे का?